जकात नाक्याचा दांडा

सव्वादहा झाले तरी सीताफळाची एक टोपली आली नव्हती. अकराला नगराध्यक्ष फीत कापायला येणार होते. मंडपवाल्यानं खुर्च्या मांडल्या होत्या, पेढे आले होते, गर काढायचं मशीन धुऊनपुसून ठेवलं होतं. फक्त फळ नव्हतं आणि फळवाल्या नव्हत्या. मी सारखा फोन लावत होते. ‘संपर्क होऊ शकत नाही’ म्हणणाऱ्या त्या रेकॉर्डमधल्या बाईचाच मला राग यायला लागला.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत समुदाय संघटक होते. म्हणजे नेमकं काय, ते माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत कळलं नाही. बायकांचे बचत गट बांधायचे, त्यांना काम मिळवून द्यायचं आणि काही बिघडलं की सगळ्यांची बोलणी खायची, अशी ती नोकरी. आमच्या गावापासून डोंगराकडं तासाभरावर आंध आदिवासींची वाडी आहे. तिच्या रानात सीताफळ लय. पण या फळाचा स्वभाव वाईट. त्याचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या, की तोडावंच लागतं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. व्यापाऱ्यांना हे माहीत. म्हणून ते वाडीवर मुद्दाम उशिरा जायचे आणि मातीमोल भावानं माल उचलायचे.

यावर उपाय म्हणून वाडीची ग्रामसभा आणि आमची नगर परिषद यांच्यात सामंजस्य करार झाला. फळ आणि हात वाडीचे. जागा, वीज, पाणी, मशीन, डीप फ्रीजर आमचं. गर काढून गोठवायचा आणि गावातल्या आइस्क्रीमवाल्यांना पुरवायचा. आदिवासी वाडी आणि नगर परिषद बरोबरीनं सही करतात, असं आमच्याकडं पहिल्यांदाच घडत होतं. पण त्या जागेवर एका मोबाईल दुकानदाराचा डोळा होता, आणि त्याचा मेहुणा नगरसेवक. त्यानं ठरावात अट घुसवली की दिवाळीच्या आत केंद्र सुरू झालं नाही तर करार रद्द, जागा परत. दिवाळी आठ दिवसांवर होती. वाडीतल्या बायकांनी दोन दिवसांपूर्वीच तोड केली होती, पुढची तोड दिवाळीनंतरच होती. म्हणजे आज मशीन चाललं नाही तर फळही जाणार आणि जागाही.

मुख्याधिकारी साहेब नवे होते, वयानं माझ्या धाकट्या भावासारखे. ते दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, मॅडम, येतायत ना? मी म्हणायचे, वाटेत आहेत सर. खोटं बोलले की माझे कान लाल होतात. तो मेहुणा पहिल्या रांगेत बसून पेढा खात माझ्या कानांकडं बघत होता.

शेवटी सुनीताचा फोन आला. सुनीता म्हणजे वाडीच्या गटाची सचिव, बारावी झालेली, चुणचुणीत. “मॅडम, आमी पुलापाशी हाव. आत्या टेम्पोतून उतरल्यात. फुडं येत न्हाई म्हणायल्यात.”

आत्या म्हणजे गिरजाबाई, गटाच्या अध्यक्षा. करारावर वाडीकडून पहिला अंगठा त्यांचाच. त्या उतरल्या म्हणजे बाकीच्याही उतरणार. मी स्कूटी काढली. पूल तिथून हाकेच्या अंतरावर, पण तेवढ्यात मी मनातल्या मनात गिरजाबाईंना चिकार बोलून घेतलं. वर्षभर वाडीचे उंबरे झिजवले, साहेबांच्या विनवण्या केल्या, आणि आता ऐन वेळेला रुसवे! मला लग्नघरातल्या मानापमानाचाही कंटाळा आहे, आणि इथं तर फळ मऊ पडत होतं.

पुलाखाली बाभळीच्या सावलीला सगळ्या बसल्या होत्या. मध्ये टोपल्या, वर ओली फडकी. मी आवाज चढवूनच सुरुवात केली. गिरजाबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “बाई, तुमी वरीसभर हॉल म्हणलाव. मग काल फोनवर नाका कामून म्हणलाव?”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमची ती इमारत म्हणजे जुना जकात नाका. तरुण वाचकांसाठी सांगते, जकात म्हणजे गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका घ्यायची तो कर. वेशीवर नाका, रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा, बाजूच्या खोलीत मुन्शी. जकात बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. खोली तशीच होती. दांडाही तसाच, एका कडेला उभा करून ठेवलेला. कागदोपत्री ती ‘इमारत क्रमांक सात’. मी बैठकांत ‘हॉल’ म्हणायचे, कारण नाका म्हटलं तर साहेबांना ते मागासलेलं वाटायचं. जागा बघायला सुनीता आणि तिच्या वयाच्या पोरी आल्या होत्या. त्यांना नाका म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आणि आदल्या दिवशी घाईघाईत मी बोलून गेले होते, “सगळ्या थेट जुन्या नाक्यावर उतरा.”

गिरजाबाई लहान असताना आईबरोबर डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला यायच्या. मुन्शी फडकं उचलायचा, डोळे उघडलेली मोठी फळं काढून घ्यायचा, पावती मागितली की दांड्याच्या पलीकडं उन्हात बसवून ठेवायचा. एकदा असंच दिवस मावळेपर्यंत बसवलं. बाजार उठला. उरलेली फळं पाटीतच फुटली आणि मायलेकी तशाच वाडीला परतल्या. तेव्हापासून वाडीच्या बायका पुलापाशी उतरून ओढ्यातल्या वाटेनं बाजारात शिरायच्या. नाका बंद झाला हे त्यांना कळलं होतं. पण गिरजाबाईंनी वाट बदलली नव्हती.

मला लाज वाटली, सरळ सांगते. वर्षभर मी त्यांना कर्ज, ओलावा, फ्रीजरचं तापमान सगळं समजावलं होतं. त्या गावात कुठून येतात, एवढं मात्र कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आत्या, चुकलं माझं. पण मुन्शी मेला, जकात मेली. आता आत बसणार त्या तुम्ही.

“मुन्शी मेला. दांडा हाय की उभा,” त्या म्हणाल्या. “तेवढा काढा. मंग येताव.”

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले की दांडा डेडस्टॉक रजिस्टरला आहे. डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे ऑफिसच्या टिकाऊ सामानाची वही. त्यातली मोडकी खुर्चीसुद्धा निर्लेखनाच्या, म्हणजे वहीतून नाव कमी करायच्या, प्रस्तावाशिवाय हलवता येत नाही. प्रस्ताव, समिती, सभा, मंजुरी. मी विचारलं, सर, सीताफळ थांबेल का तोवर? ते म्हणाले, “मॅडम, मी हा फोन ऐकलेला नाही.” तरुण असले तरी माणूस पोचलेला होता.

अकराला दहा कमी होते. सुनीताला स्कूटीवर घेऊन मी नाक्यावर परतले आणि मंडपवाल्याकडून पहार घेतली. दांड्याची खीळ गंजून घट्ट बसलेली. मी आणि सुनीतानं जोर लावला, ती ढिम्म हलेना. मागं बघितलं तर गिरजाबाई रस्त्यानं चालत येत होत्या, एकट्या. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातली पहार घेतली आणि खिळीखाली घातली. मग मागून पाट्या घेऊन आलेल्या बाकीच्याही धावल्या. कर्रकन आवाज झाला, आम्ही बाजूला पळालो आणि दांडा थेट रस्त्यावर आडवा पडला.

नेमकी तेव्हाच नगराध्यक्षांची गाडी आली. पुढं दांडा, गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला. मी घाईनं दांडा उचलायला वाकले. गिरजाबाईंनी माझा हात धरला.

“थांबू द्या की जरा,” त्या म्हणाल्या. “आदी आमच्या पाट्या जाऊ द्या.”

सगळ्या पाट्या आत गेल्या. मग आम्ही दांडा उचलला. नगराध्यक्ष तोवर उन्हात उतरून उभे होते. एक बरं, त्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मशीन चाललं, करार टिकला, मोबाईलवाल्यानं दुसरीकडं जागा बघितली. पंधरा दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. डेडस्टॉकमधला लोखंडी दांडा, नग एक, विनापरवानगी हलवल्याबद्दल. सही साहेबांचीच. मी उत्तर दिलं की सदर दांडा केंद्रातच असून गराची फडकी वाळत घालण्यासाठी वापरात आहे. फाइल बंद झाली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही करारात जागेचा पत्ता लिहिण्याआधी एक प्रश्न विचारत आले: या जागेला तुमच्यात काय म्हणतात? साहेबलोकांना तो वेळेचा अपव्यय वाटायचा. गिरजाबाई आता टेम्पोनं थेट केंद्राच्या दारात उतरतात. खोलीला मात्र अजून नाकाच म्हणतात. फक्त ‘आमचा’ लावून.