नवसाबाईची सावड

अंबडच्या त्या कपड्याच्या कारखान्यात जे घडलं, ते तिथं काम करणाऱ्या छायाकडून ऐकलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. भलं करायला जावं आणि माणूसच उघडं पडावं, हे काय आक्रीत!

नवसाबाई पेठकडची, विधवा. घर तिच्या एकटीच्या पगारावर. एके काळी शर्टाची कॉलर शिवावी तर तिनंच. पण अलीकडे नजर अधू झाली. सुईत दोरा ओवायलाही शेजारच्या मशीनवरची छाया लागायची. नवसाबाई न बघताच दोऱ्याचं टोक बाजूला धरायची, छाया ओवून द्यायची. बाकीच्या बायकाही खेड्यातल्याच. शेतात एकीचं काम मागं पडलं की साऱ्याजणी सावडीला जातात. तशाच त्या इथंही तिच्या कॉलरी शिवायच्या आणि गुपचूप तिच्या टोपलीत टाकायच्या.

अशात मालकांनी शाळेचे गणवेश बंद करून परदेशी जाणारे महागडे शर्ट शिवायचं ठरवलं. एचआरचे प्रफुल्ल सर म्हणाले, “धंदा बदलला, तशी माणसंही बदलणार. प्रत्येकीचं काम तपासू. कच्चा हात ठेवणार नाही.”

बायकांनी ओळखलं, नवसाबाई जाणार! मग काय, प्रत्येकीनं आपली उत्तमातली उत्तम कॉलर तिच्या टोपलीत टाकली. अगं बायांनो, जरा हात राखून तरी!

करायला गेल्या गणपती, झाला मारुती. प्रफुल्ल सरांनी सगळ्यांना बोलावून टाळ्या वाजवल्या. “नवसाबाईंसारखा हात कारखान्यात दुसरा नाही! उद्यापासून त्या काचेच्या खोलीत एकट्या बसून नमुने शिवतील. परदेशी गिऱ्हाईक त्यांचं काम बघूनच ऑर्डर देणार.”

छाया पेचात पडली. खरं सांगावं तर नवसाबाईची नोकरी जाणार, गप्प बसावं तरी जाणार.

“तिथं सावडीला कोण येईल गं?” नवसाबाईनं हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. काचेबाहेर साऱ्या बायका मशीन थांबवून बघत होत्या. नवसाबाईनं कापड नीट लावलं, दोऱ्याचं टोक चिमटीत घेतलं आणि रोजच्या सवयीनं बाजूला धरलं. तिथं कुणीच नव्हतं.

प्रफुल्ल सरांचं हसू मावळलं. “हे काय, नवसाबाई?”

“छायाला बोलवा, साहेब,” ती म्हणाली. “मला दिसत नाय.”