काचेवर उभी राहिलेली बाई

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की खो खो हसणारा मी माणूस. भोरला आमच्या आळीत कोणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढं जाऊन उभा राहायचो आणि घरी येऊन आईचे धपाटे खायचो. या सदरात दर महिन्याला छापून येणारे अनुभवही मी चहाबरोबर करमणूक म्हणूनच वाचतो. त्यामुळं आज हे लिहायला बसताना मला माझीच लाज वाटते आहे. पण सात वर्षं झाली... आता पोटात ठेववत नाही.

गोष्ट छत्तीस-सदतीसची. मी मुंबईला चित्रकलेच्या शाळेत शिकत होतो आणि नको तितका शहाणा झालो होतो. आमचे मास्तर म्हणत, फोटोग्राफी ही कलाच नव्हे, ते यंत्राचं काम. मला ते झोंबायचं. त्यातून सिनेमाचं वेड. एकदा डोक्यात आलं — सिनेमावाले एका मागोमाग एक शेकडो चित्रं घेऊन हलणारं माणूस पकडतात. मग उलटं का करू नये? सगळी हालचाल एकाच काचेवर पडू द्यायची. भिंग नाही, नुसती लाकडी पेटी, पुढं सुईनं पाडलेलं भोक, आत काचेची प्लेट. भोक पाच-दहा मिनिटं उघडं ठेवायचं. अशा एक्स्पोजरमध्ये डोंगर येतो, झाड येतं, घर येतं; पण चालतं-फिरतं माणूस येतच नाही. एका जागी ठरतच नाही, तर उमटणार कुठून? भोरच्या भर बाजाराचा मी असा फोटो काढला होता. दुकानं सगळी, माणूस एक नाही! वडील कचेरीतून आले, फोटो पाहिला आणि म्हणाले, "प्लेगात असंच दिसायचं गाव." मला ते फार मोठं शिफारसपत्र वाटलं होतं.

हेच भातलावणीवर करून पाहायचं मी ठरवलं. बाया लावणी करतात, पण चित्रात बाया नाहीत. रोपं तेवढी आपोआप उगवल्यासारखी. मला ही कल्पना इतकी आवडली होती की झोप लागेना.

वेल्ह्याच्या पलीकडं पासलीला दगडूतात्या राहायचे. कचेरीच्या कामाला भोरला आले की उतरायला आमच्याच घरी, म्हणून त्यांचा घरोबा. आषाढात मी त्यांच्याकडं गेलो. नसरापूरपर्यंत मोटार, वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढं चिखल तुडवत पायी, डोक्यावर पेटी. तोरणा ढगात बुडालेला. तात्यांच्या घरात दोनच बाया. एक त्यांची बहीण हौसाआत्या. पन्नाशीची, विधवा, भावाकडंच राहणारी, तोंडानं फटकळ. दुसरी सून गोदा. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. गोदाला सातवा महिना होता. आधीचं एक सातव्यातच गेलेलं. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. तरी पोरगी रोज लावणीला जात होती, कारण रोप थांबत नाही. आत्या तात्यांशी रोज भांडायच्या, "पोरीला दोन दिस बसू द्या की वो." तात्या म्हणायचे, "मंग रान काय आभाळ लावतंय?" तात्या वाईट नव्हते. हात कमी होते, एवढंच.

मला पाहून आत्या म्हणाल्या, "आलं का फोटूवालं! आन् ह्या खोक्यात काय, नवरी हाय का?"

दुसऱ्या दिवशी इर्जिक होती. म्हणजे गावच्या बाया आपणहून मदतीला येतात, यजमानानं जेवू घालायचं. ओळीत मधे त्या पाच-सहा बाया आणि दोन टोकांना घरच्या दोघी, कारण टोकाची बाई ओळ धरते. मी समोरच्या बांधावर पेटी ठेवली. माझ्या डाव्या हाताला, ओढ्याकडच्या टोकाला गोदा. उजव्या टोकाला आत्या. तिकडच्यापेक्षा ओढ्याकडं चिखल खोल. सगळ्यांच्या पाठीवर इरली, बांबूच्या कामट्यांची, पानांनी शाकारलेली, डोक्यापासून कमरेखाली येणारी. वाकल्या की तोंड दिसत नाही, बाई कोण ते ओळखू येत नाही. भोक उघडलं आणि वडिलांच्या घड्याळात आठ मिनिटं मोजली. ही आठ मिनिटं मी डोळे ताणून ओळ पाहत होतो. एकही बाई ताठ उभी राहिली नाही. सगळ्या वाकलेल्या, मागं मागं सरकणाऱ्या. हे मी कुठल्याही देवळात जाऊन सांगेन.

घरात कणगीची खोली होती, तिला खिडकी नाही. दुपारी तिथं कंदिलाला लाल कापड बांधून मी प्लेट धुतली आणि बाहेर पडवीत उजेडाला धरली. बाया नाहीशा झाल्या होत्या. अगदी हवं तसं! खाचर, बांध, वर धुकट डोंगर... आणि एका टोकाला बाई. इरलं घेतलेली, ताठ उभी, पाय जुळवून, तोंड माझ्याकडं. जणू आठही मिनिटं तिनं पापणी हलवली नव्हती.

डावं टोक. गोदा.

मी काच पुन्हा उजेडाला धरली. मी स्वतःला पुनःपुन्हा बजावत होतो, अरे, काचेत दोष असेल, औषधात असेल. पण डोक्यात एकच — या पेटीत हलणारं येत नाही, जित्या माणसानं हललंच पाहिजे, मग ही का हलत नाही? आणि ती सात महिन्यांची पोटुशी. आजवर ज्यांना हसलो ते सगळे आठवले.

सांगू कोणाला? तात्यांना सांगायची छाती नव्हती. मी चुलीपाशी जाऊन आत्यांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुसले, काच घेतली, दारात नेऊन तिरकी करकरून बराच वेळ पाहिली.

"गोदीच हाय म्हनताय?"

"डाव्या टोकाला तीच होती ना, आत्या."

"व्हय," त्या म्हणाल्या. "तीच व्हती." मग काच माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता थोबाड असं करून बसू नगा. म्या बघते."

आणि त्यांनी बघितलं! तात्यांपुढं जाऊन असा काही आकांत मांडला की बस. फोटूत वंगाळ दिसलंय, पोरीला रानात धाडाल तर माझं मेलेलं तोंड बघाल! तात्या पांढरे पडले. गोदाला घरी बसवायचं ठरलं. तिचं ओढ्याकडचं टोक आत्यांनी घेतलं.

तो एक दिवस गोदा नुसती झोपली. दुसऱ्या दिवशीही. मी पडवीत बसून तिच्या घोरण्याचा आवाज ऐकत होतो आणि — सांगायला लाज वाटते — मला फार अभिमान वाटत होता.

त्या दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी रानातून हाका आल्या. आम्ही पोचलो तेव्हा बायांनी हौसाआत्यांना बांधावर आणून निजवलं होतं. इर्जिकीच्या ओळीतली एक जण रडत रडत सांगत होती, "मधीच ताठ झाल्या. उभ्याच ऱ्हायल्या. आमाला वाटलं, कंबर मोडत्यात... हाक मारली तर बोलंनात. लई येळ तशाच उभ्या... आन् मंग खाली बसल्या त्या बसल्याच." घरी नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

गावानं अर्थ लावला तो असा की आत्यांनी गोदावरचं स्वतःवर घेतलं. मीही तेच धरून भोरला परतलो. आठ दिवसांनी प्रिंट काढली. ओढ्याकडच्या बांधावर एक शेंदूर लावलेला दगड आहे. काचेवर तो तिळाएवढा, तिथं पासलीत माझ्या लक्षातच आला नव्हता. प्रिंटमध्ये तो स्वच्छ दिसत होता. बाई त्याच्याजवळ नव्हती, बरोबर दुसऱ्या टोकाला होती.

मी काच उलटी धरली होती! औषधाची बाजू आपल्याकडं ठेवून पाहिलं की डाव्याचं उजवं दिसतं. पहिल्या वर्षाच्या पोराला हे ठाऊक असतं. भीतीनं माझी अक्कलच गेली होती. ती गोदा नव्हतीच, आत्या होत्या. आणि मी जिचं मरण पाहिलं होतं तिलाच जाऊन सांगितलं, दुसरीला वाचवा म्हणून. तिनं दुसरीचं खोल चिखलाचं काम अंगावर घेतलं. तिला घरी बसवलं असतं तर? हा प्रश्न घेऊन मी सात वर्षं जगतो आहे. मुंबईची शाळा पुरी केली, भोरलाच ड्रॉइंग शिकवतो, पण त्या पेटीला पुन्हा हात लावलेला नाही.

गोदाला मुलगी झाली, ठणठणीत. दर वर्षी सुगी झाली की गोदा नवे तांदूळ घेऊन आमच्याकडं येते आणि दर वर्षी तो फोटो मागते. मी म्हणायचो, काच फुटली. दाखवला असता तर तो दगड तिनं पहिल्या नजरेत ओळखला असता. तिचंच रान ते!

परवा ती आली. मुलगी अंगणात आमच्या आईशी बडबडत होती. गोदानं तांदूळ ठेवले आणि एकदम म्हणाली, "दादा, काच फुटलेली न्हाई. मला ठावं हाय. फोटूत म्या न्हाई, आत्याबाई हाईत, व्हय ना?"

मी दार लोटून घेतलं.

"त्या राती मला सांगितलं त्यांनी. त्यांच्या इरल्याचं टोक मोडलेलं व्हतं, ते वळखलं म्हने काचंत. मला म्हनल्या, त्या पोराला बोलू नगं, घाबरट हाय, जीव टाकंल."

"मग... मग त्या रानात गेल्या कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच. "घरी नाही का बसायचं!"

"म्याबी तेच म्हनले. तर म्हनल्या, खुळे, फोटूनं कुनी मरतंय व्हय? पन तुझ्या सासऱ्याला पटलंय न्हवं? मंग नीज की गुमान. पुन्यांदा असं निमित मिळायचं न्हाई."

एवढं बोलून गोदा पदरानं डोळे पुसायला लागली. मी उठलो, ट्रंकेच्या तळातून प्रिंट काढली आणि तिला दिली. सात वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्या कोणाला ती दाखवत होतो. गोदानं ती मांडीवर ठेवली.

जो माणूस उभा राहिलाच नव्हता तो त्या काचेवर कसा उमटला, आणि दोन दिवस आधी कसा, हे मला आजही सांगता येत नाही. मुंबईच्या मास्तरांना फोटो न दाखवता नुसतं विचारलं, त्यांनी प्लेटचा दोष म्हणून हात झटकले. वाचकांपैकी कोणी या विषयातलं जाणतं असेल तर जरूर कळवावं. मी वाट पाहीन.

गोदा मात्र यातलं काही विचारत नव्हती. तिनं मुलीला हाक मारली, शेजारी बसवलं आणि इरल्यातल्या त्या अंधुक बाईवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघ. हिनं मला दोन दिस निजू दिलं, म्हनून तू हाईस."