लेखमाला नसलेले मासिक

माझ्या थोरल्या भावाला रेल्वेची छोटी प्रतिकृती उभारण्याचा छंद होता. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीत प्लायवूडवर रूळ अंथरले, सुकलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडे केली, उसाच्या भुशाचे गवत पसरले. या छंदाची इंग्रजी मासिके कशी निवडावीत, हे त्यानेच मला शिकवले. मुखपृष्ठावरच्या देखण्या इंजिनाला भुलू नये. आतले आराखडे आपल्या मापाचे आहेत का, ते पाहावे. आणि एखादे स्थानक पायापासून उभे करणारी लेखमाला सुरू होत असेल, तर तेच मासिक घ्यावे. एक भाग वाचायचा, महिनाभर हात चालवायचे आणि पुढच्या भागाची वाट पाहायची, अशी त्याची वर्षे जात.

गेल्या वर्षी त्याच्या यकृताचा आजार हाताबाहेर गेला. आता काही आठवडेच, असे डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाजूला घेऊन सांगितले. ते त्याच्यापासून लपवायचे, हे आम्ही दोघांनी ठरवले. त्याच सुमारास तो मला म्हणाला, "यंदानं मासिक तूच निवडी टाक. मन्हा डोया थकी ग्यात."

नंदुरबारला घरी बसून मी मोबाईलवर नमुन्याची पाने चाळली. दोन मासिके त्याच्या मापाची निघाली. एकात वर्षभर चालणारी लेखमाला त्याच अंकापासून सुरू होत होती. त्याने तेच घेतले असते. मी दुसरे घेतले. त्यातले प्रत्येक काम त्याच अंकात पुरे होत होते. अर्धवट राहिलेल्या कामाचे दुःख त्याच्या वाट्याला येऊ नये, असे मी स्वतःला समजावले. टपालाची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता, म्हणून अंक मोबाईलवरच विकत घेऊन शहाद्यात छापून घेतला आणि त्याच्या हाती दिला.

त्याने पाने पुढून मागे आणि मागून पुढे उलटली.

"हाई कोनी निवडं?"

"मीच."

"मंग यामा लेखमाला काबर नही?"

"छपाई चांगली शे, भाऊ."

"छपाई पाहाले ती काय लगीननी पत्रिका शे?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. वहिनी औषधाचा पेला घेऊन दारात उभी होती. त्याने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"इतलाच दिन ऱ्हायनात का?"

वहिनीने पेला खिडकीत ठेवला आणि पदर तोंडाशी धरला.

मरणाची बातमी माणसाला कुणीतरी जवळ बसून, हात हातात घेऊन सांगावी. माझ्या भावाला ती मासिकाच्या पानांतून कळली, आणि ती पाने मी निवडली होती. त्याने काय सुरू करावे आणि काय करू नये, हे ठरवण्याचा अधिकार मी मायेच्या नावाखाली घेतला होता. आजही मला त्या मायेची लाज वाटते.

दुसऱ्या एका मासिकात लेखमाला सुरू होत होती, हे मी त्याला सांगून टाकले. तो म्हणाला, "ते दुसरं लई ये. पहिला भाग तरी ऐकसू."

दुसऱ्या दिवशी मी ते आणले आणि उशाशी बसून, इंग्रजीतले आमच्या बोलीत करत वाचू लागलो. पहिल्या भागात लाकडी चौकटीचे काम होते. चौकट महिनाभर खोलीच्या हवेत तशीच राहू द्यावी, मगच रूळ टाकावेत, असे शेवटी लिहिले होते. ती ओळ मी गाळली.

"लाकूडले बसाले टाइम देवा लागस," तो डोळे मिटूनच म्हणाला. "ते नही लिखेल का?"

"लिखेल शे."

"मंग वाच ना."

मी मागे येऊन वाचू लागलो. 'महिना' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी तो उच्चारेपर्यंत भाऊ थांबून राहिला.