पेपरात छापलेली वेळ

भोरच्या दवाखान्यातल्या नर्स मिल्काबाई तळकर बेने इस्राएली, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ज्यू होत्या. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा दिवा लावायचा, एकदा शब्बाथ लागला की विस्तव पेटवायचा नाही, हे त्या आईकडून शिकलेल्या. एकाहत्तर साली अमेरिकेतल्या भावानं तिथल्या ज्यू लोकांच्या साप्ताहिकाचा हिवाळ्यातला अंक पाठवला. त्यात दिव्याची वेळ होती चार वाजून अठरा मिनिटं. म्हणजे जन्मभर चुकलंच की! त्या दर शुक्रवारी भर उन्हात दिवा लावू लागल्या. अंधार पडायच्या आत तेल संपून जाई.

मग उन्हाळ्यातला अंक आला. त्यात वेळ होती आठ वाजून आठ. मिल्काबाई भडकल्या. "शब्बाथ लागल्यावर काडी ओढायची? या पेपरवाल्यांना काही धरबंध?"

शेजारच्या सगुणाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "नर्सबाई, पेपर कुठला?"

"अमेरिकेचा."

"मग तितला दिवस तवा मावळत आसंल. हितला आपल्या डोंगराआड जातोय की."

मिल्काबाईंच्या जिवात जीव आला. पेपराची घडी घालत त्या म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे हा पेपरही माझ्या आईसारखा आभाळाकडंच बघून बोलतोय."