बियाण्याची काकडी

महिला मंडळातल्या बायका तिला तोंडावर बीवाली मावशी म्हणत आणि पाठ फिरली की तोफखाना. दुकानातली पाकिटं न घेता आपलं बी आपणच राखायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मावशीनं बारा वर्षं घसा कोरडा केला होता. नियम सोपा होता. वेलावरची सगळ्यात चांगली काकडी खायची नाही, खूण म्हणून चिंधी बांधून पिकू द्यायची आणि तिचं बी मंडळाच्या डब्यात आणून टाकायचं. त्याच डब्यातून चाळीस घरांना बी मिळे.

बायका माना डोलावत. घरी जाऊन चांगली काकडी खात आणि वाकडी, किडकी, पानाआड राहून गेलेली मंडळासाठी ठेवत. मग पेरावं तसंच उगवणार! काकड्या वर्षागणिक आखूड होत गेल्या, कडू निघू लागल्या, आणि खापर फुटलं मावशीच्या डोक्यावर. आता शुक्रवारच्या बैठकीत पाकिटं आणायची की नाही, याचा निकाल लागणार होता.

मावशीची सारी भिस्त तिच्या वेलावरच्या हातभर काकडीवर होती. तीच सगळ्यांपुढे ठेवायची, म्हणजे बोलायलाच नको. गुरुवारी ती बाजारातून आली, तर नवरा आणि जावई शेवटच्या फोडी मीठ लावून खात होते.

"अहो, चिंधी दिसली नाही?"

"दिसली की. सोडूनच कापली," नवरा म्हणाला. "जावयाला काय वाकडी द्यायची?"

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. बाहेरच्यांना काय बोलणार, घरातच ही तऱ्हा.

बैठकीत तिनं झालं ते सांगून टाकलं. बायका पोट धरून हसल्या. तेव्हा कधी चकार शब्द न काढणारी शिवणवाली उठली आणि पिशवीतून एक लांबलचक पिवळी काकडी काढून टेबलावर ठेवली.

"ही आपलीच. पहिल्या वर्षीच्या बियाची. घरी राखते मी."

"आणि मंडळात काय देतेस?"

"उरलेली. सगळ्यांचं एकाच डब्यात जातं, मावशी. माझं चांगलं त्यात टाकून मला परत काय मिळणार होतं?"

मावशीच्या जिभेवर दहा उत्तरं आली, सगळी भांडणाची.

"हिचं बी सगळ्यांना वाटा," शिवणवाली म्हणाली. "पण पुढच्या वर्षी डबा नको. प्रत्येकीनं अख्खी काकडी इथं आणून दाखवायची, बी नंतर काढायचं."

इतकी साधी गोष्ट! मावशीला स्वतःचाच संताप आला.

"अगं, मग बारा वर्षं गप्प का बसलीस?"

"तुमचं बोलणं संपायची वाट बघत होते."