परीक्षितचं लाइपझिग

आमचा परीक्षित जर्मन शिकला यात आईबाबांचा काडीचाही दोष नाही. हे आधीच सांगते, कारण नातेवाईक अजून त्यांनाच बोल लावतात. माझा हा धाकटा भाऊ दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतून चांगल्या मार्कांनी बाहेर पडला, तेव्हा बाबांची इच्छा होती की त्याने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. हा पठ्ठ्या विद्यापीठात जाऊन जर्मनला नाव घालून आला. "चलो, हौस फिटली की येईल ताळ्यावर," बाबा म्हणाले. कप्पाळ! हौस फिटते कसली!

त्याच्या वर्गाला शिकवायला पूर्व जर्मनीतल्या एक बाई होत्या, लाइपझिगच्या. वर्गात त्या आपल्या गावाचा नकाशा लावायच्या आणि पोरांना त्यातून फिरवून आणायच्या. बाकीची पोरं परीक्षेपुरती फिरली, आमचा तिथेच राहिला. करोल बागेत, स्वतःच्या घराच्या मागच्या गल्लीत, तो वाट चुकायचा. पण लाइपझिगच्या स्टेशनातून बाहेर पडलं की ट्राम कुठे मिळते ते आईला पोळ्या लाटताना ऐकवायचा. आई म्हणायची, "अच्छा? आणि भाजी कुठे मिळते?" तेही त्याला माहीत असायचं.

एम.ए. संपता संपता त्याला तिथे जाऊन पीएच.डी. करायची शिष्यवृत्ती मिळाली. बाबांनी साऱ्या बिल्डिंगला पेढे वाटले. त्याच थंडीत बर्लिनची भिंत पडली. टीव्हीवर माणसं भिंतीवर चढून नाचत होती आणि हा वेडा आमच्या खोलीत नाचत होता. वर्षभरात पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. मग शिष्यवृत्ती कोण देणार? नव्याने अर्ज करा, असं कळलं. त्याने केले, पण त्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. आमच्या घरात एक माणूस मेल्यासारखं सुतक, आणि भेटायला येणारे म्हणायचे, "अरे, तिकडे तर सगळे खूश आहेत!" असा राग यायचा मला.

पुढे बाहेरच्या कंपन्या देशात आल्या, गुडगावात काचेच्या इमारती उठल्या, आणि लोक म्हणू लागले की आता परीक्षितची चांदी आहे. कसली चांदी! आधी कितीतरी वर्षं फरिदाबादच्या कारखान्यांसाठी मशिनची माहितीपत्रकं भाषांतरित केली. मग गुडगावात फोनवरची नोकरी लागली. जर्मनीतल्या लोकांचं वॉशिंग मशिन बिघडलं की ते फोन करायचे, आणि हा 'पीटर' नावाने उचलायचा. भारतात बसलोय हे सांगायचं नाही, सक्त ताकीद. कोणी विचारलंच, तर "आमच्या लाइपझिगच्या ऑफिसातून" म्हणायचं, कारण मूळ कंपनी तिथलीच. योगायोग म्हणा, नाहीतर नशिबाने केलेली थट्टा म्हणा.

आणि मग एकदा त्या मूळ कंपनीने ट्रेनिंगसाठी एक माणूस मागवला. साहेबांनी परीक्षितचं नाव दिलं. चाळिशीला आलेला माणूस, कानशिलं पांढरी झालेली, पण माझ्याकडे आला तो उड्या मारत. "ताई, व्हिसा लागला! ताई, जातोय मी!" लग्न ठरल्यावरसुद्धा माणूस इतका खुलत नाही. (याचं ठरलंच नाही, तो भाग वेगळा.)

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. मशिनचं काम झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, कुठून बोलता? लाइपझिगहून, म्हणाला. त्या म्हणाल्या, अगबाई, मीही तिथलीच, कुठे आहे तुमचं ऑफिस? काहीतरी थातूरमातूर सांगून फोन ठेवायचा की नाही! पण तो आनंदात होता. म्हणाला, कार्ल मार्क्स चौकात, एका बाजूला ऑपेरा, समोर मैफिलींचं सभागृह, खिडकीतून दोन्ही दिसतात.

त्या बाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, अहो, ते नाव तर त्या देशाबरोबरच गेलं. खरं सांगा, कुठे बसला आहात?

"अरे, तुला माहीत नव्हतं का चौकाचं नाव बदललंय?" पुढच्या रविवारी तो इंदिरापुरमला आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा मी डाफरलेच.

"माहीत होतं गं. तोंडात जुनंच बसलंय."

बाबांची अख्खी नोकरी कस्तुरबा गांधी मार्गावर गेली, पण शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी त्याचं इंग्रजांच्या वेळचं नाव, कर्झन रोडच होतं. दिल्लीत त्यावरून कोणी कोणाची चौकशी लावत नाही.

"मग तू काय सांगितलंस?"

"गुडगाव. नाव विचारलं, तेही सांगितलं, परीक्षित."

"पण का? डोकं फिरलं होतं का तुझं?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

बाईंना वाटलं आपल्याला फसवलं. त्यांनी तक्रार केली आणि मूळ कंपनी खवळली. ट्रेनिंगला आता दुसरा कोणीतरी जाणार, आणि परीक्षितला फोनवरून काढून इंग्रजी टायपिंगला बसवलंय. मी म्हटलं, "मरो ती कंपनी! तू आपला सुट्टी काढून जा. बघून तरी ये एकदा."

"काय बघू, ताई? मला येतो तो पत्ता विचारला, तर तिथे हसतात."

मला भरून आलं आणि रागही आला. म्हणून मी उगाचच ताटात आणखी एक पोळी वाढली. तेवढ्यात माझी इशिता शाळेचा कागद घेऊन आली. सहावीत तिसरी भाषा निवडायची होती. "मामा, मी जर्मन घेऊ? तू शिकवशील ना?"

परीक्षित तिच्याकडे बघून हसला, अगदी नीट हसला.

"मला नाही गं येत जर्मन," म्हणाला.