मामाच्या वजनाची सरकी

"रविवारी मी उडून राह्यलो. तू ये," असा मामाचा फोन आला आणि मी रजेचा अर्ज टाकून मोकळी झाले. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पांढरकवड्याला राहतो, हवाई दलात विमानांचा मेकॅनिक होता. आईच्या लेखी मात्र तो "विमानात" होता. मुकुटबनला कापूस वेचताना वरून कोणतंही विमान गेलं की ती कमरेची ओटी सांभाळत सरळ व्हायची आणि हात हलवायची. "माहा भाऊ चालला!" अख्ख्या मुकुटबनला मामा पायलट वाटायचा आणि मामानंही तो गैरसमज कधी खोडून काढला नाही. ज्या विमानांचे नटबोल्ट त्यानं आवळले, त्यांत तो एकदाही उडाला नव्हता. आता तो उडणार होता आणि बघायला आई नव्हती. म्हणून मला जायचंच होतं.

नागपूरहून पांढरकवडा हैदराबाद हायवेनं तीन-साडेतीन तास. रस्ता उत्तम, ट्रकांची गर्दी भरपूर. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेले पैसे हिंगणघाटला तर्रीपोह्यांवर उडवायला हरकत नाही. तर्री जपून मागा, माझ्या डोळ्यांतून वडकीपर्यंत पाणी येत होतं. थंडीत जाणार असाल तर खोली आधी ठरवून ठेवा. टिपेश्वरचे वाघ बघायला येणारे लोक सगळी लॉजेस भरून टाकतात. करंजीच्या पुढे दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर होती, खिडकीजवळची जागा सोडवत नव्हती.

मामा स्टॅंडवर घ्यायला आला होता. घरी चहा झाल्याबरोबर तो मला गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये घेऊन गेला. ही शेड साहेबांची. साहेब हवाई दलातले निवृत्त पायलट, मामा त्यांना दुसऱ्या कशानं हाक मारत नाही. एका कॉलेजच्या फाटकाशी खांबावर चढवून ठेवलेलं हार्वर्ड जातीचं जुनं शिकाऊ विमान त्यांनी विकत घेतलं. कबुतरांनी त्यात संसार थाटला होता. एकामागे एक अशा दोन जागा, पुढे मोठं गोल इंजिन. मामाच्या पहिल्या पोस्टिंगला हीच विमानं होती. मग पाच वर्षं दोघांनी आणि बोलावलेल्या कारागिरांनी मिळून ते उघडलं, खरवडलं, परदेशातून सुटे भाग मागवले, परवानग्यांचे सोपस्कार केले. आता ते यवतमाळच्या धावपट्टीवर होतं आणि साहेबांनी ते एकट्यानं उडवूनही पाहिलं होतं. शेडमध्ये उरले होते फक्त तेलाचे डाग.

"शेपटीचं हे जे वळायचं पान असते नं, त्याले पत्रा नसते, सुती कापड असते," मामा हातवारे करत सांगत होता. "आम्ही दोघांनी शिवलं. तुह्या मामीनं आन् मी."

रात्री मामी म्हणाली, "तितक्या टाक्यांत माह्या चार वाकळी झाल्या असत्या. कापडावर ते वासाचं रोगण लावलं त् ते हलगीसारखं वाजे. अन् हे घरात येऊन मले म्हणे, हात लावून पाह्य!"

पण हे रात्रीचं. त्याआधी शेडमध्ये एक गोष्ट घडली. कोपऱ्यात कापसाचा जुना वजनकाटा होता. मामा चपला काढून त्याच्यावर उभा राहिला. मग उतरला आणि शेजारच्या चालू जिनिंगमधून आणलेली सरकी दोन पोत्यांत भरू लागला. थोडी घालायची, थोडी काढायची, काटा बघायचा.

"हे काय चाललंय?"

"मागं माणूस बसवायच्या आंधी तेवढं वजन घालून पाह्यलं जाते. हे माहं वजन."

"मग तू कधी बसणार?"

मामानं पोत्याचं तोंड बांधलं. "मी नाई बसत. बायपास झाली नं मागच्या साली. डॉक्टर नाई म्हणते. साहेब म्हणे, मी नेत नाई तुमाले."

मी चिडले. खरंच चिडले. "मग कायले बोलावलं मले? फोनवर तर उडून राह्यलो म्हणे!"

"वजन त् माहंच हाय नं," मामा म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "शांता असती त् तिले बोलावलं असतं. तिच्याकडून कोणी पाह्यजे होतं."

शांता माझी आई. मी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

सकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून मामा निघाला. मामीनं ज्वारीची भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी बांधून दिली. यवतमाळपर्यंत साहेबांच्या जीपमध्ये सरकी पुढे आणि मी मागे.

विमान पिवळं होतं आणि फोटोत वाटलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं. मामानं मागच्या सीटवर पोती ठेवली, पट्टे आवळले, हिसका देऊन पुन्हा पाहिले. क्षणभर त्याचा हात पोत्यावरच राहिला. मग त्यानं पुढचा पंखा हातानं फिरवला, इंजिनात साचलेलं तेल सुटावं म्हणून. इंजिन खोकलं, निळा धूर निघाला आणि असा काही गडगडाट झाला की माझ्या छातीत तो जाणवला. मामानं चाकांपुढचे लाकडी ठोकळे ओढून घेतले. नोकरीभर हेच केलं होतं त्यानं, ठोकळे काढायचे आणि बाजूला व्हायचं.

विमान धावत गेलं, उचललं गेलं, वळून आमच्या डोक्यावरून आलं. पुढे साहेब दिसले. मागे मामाच्या वजनाची सरकी.

मामानं हात वर केला आणि हलवायला लागला. विमान ठिपका झालं तरी हलवत होता.

"शांता असंच पाहे काय वो?"

"हो," मी म्हटलं. "ती ओरडायची पण."

मी त्याचा दुसरा हात धरला.

उतरल्यावर साहेब म्हणाले, "तुमचं वजन फार गुणी आहे. एक शब्द बोललं नाही." मामा हसला. ती सरकी आम्ही परत आणली आणि शेजारच्या म्हशीला घातली. मामी रोज विचारते म्हणे, दुधाला काही फरक पडला का.

मी नागपूरला परतून आता पंधरवडा झाला. तुम्ही जाल तर यवतमाळच्या धावपट्टीवर रोज काही दिसेल असं नाही, पण वाटेवरचा कापूस बघाच. मला मात्र अजून राग आहे. डॉक्टरांवर नाही, साहेबांवर तर नाहीच. ती जागा पाच वर्षं मामासाठी तयार होत होती आणि तो तिच्यापासून एक पायरी खाली राहिला, याचा आहे. आई असती तर तिला हे सगळं कळलंही नसतं, तिनं सरकीलाच भाऊ म्हटलं असतं.

काल गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वरून विमान गेलं, मुंबईचं असेल. माझा हात ओल्या टॉवेलसकट वर गेला.

समोरच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "कोण आहे गं ओळखीचं?"

"मामा चाललाय माझा," मी म्हटलं.